पेन्सिलीतले ब्याऐंशी

सर, ज्यांच्या नावापुढे ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असं लिहून राखीव जागेची फाइल बंद केली गेली, त्या आपल्या सगळ्यांच्या वतीनं मी इतकी वर्षं बोलत आले. तुम्हीही त्यातलेच. तरुणपणी तुमच्यावर हे वाक्य दोनदा लिहिलं गेलं होतं, आणि वर्गात तुम्ही ते सांगायला लागलात की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवायची. माझ्यावर ते सहा वेळा लिहिलं गेलं. पाच वेळा लिहिणारे परके होते. पहिल्या वेळेस खाली तुमची सही होती.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मेलेला माणूस जे वाईट करून ठेवतो त्याचं काय करायचं, ते मात्र कोणी सांगत नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत मी तुमच्याबद्दल एकही शब्द वाईट बोललेले नाही. तुमच्या स्मृती व्याख्यानात दरवर्षी प्रास्ताविक मी करते. ‘सरांनी आम्हाला कणा दिला’ हे वाक्य माझंच आहे, आता ते निमंत्रणपत्रिकेवर छापतात. येत्या रविवारच्या पत्रिकेवर ते वाचताना आज मला हसू येतं, आणि ते हसू चांगलं नाही.

तुमची वाशीची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांना घरं रिकामी करायला सांगितली. काकू लेकीकडे द्रोणागिरीला जाणार म्हणून मी आवराआवर करायला गेले होते. पलंगाखालून तुमची सहा खोकी निघाली. काकू म्हणाल्या, ‘रद्दीवाला दारात उभाय, पण मला धीर होईना. तूच ने गं. तुझ्याच कामाचं असंल.’ त्यांना काय ठाऊक, किती माझ्या कामाचं. तुम्ही कागद कधी टाकला नाहीत. विद्यार्थ्यांचे तीस वर्षांपूर्वीचे निबंधसुद्धा सुतळीनं बांधून ठेवलेले. चौथ्या खोक्यात, एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर, मला माझं नाव दिसलं.

त्या कागदावर अकरा उमेदवारांची नावं आहेत, तुमच्या त्या लहान, सरळ अक्षरात. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं दोन आकडे. माझ्या नावापुढे पहिला आकडा ब्याऐंशी, अकरा जणांत सगळ्यात मोठा. त्याच्या शेजारी दुसरा आकडा, एक्केचाळीस. पात्र ठरायला पन्नास लागत होते. सगळ्यांचे दुसरे आकडे पन्नासच्या आत आहेत, कुणाचेच वर नाहीत. खाली एक ओळ: ‘अध्यक्ष म्हणाले, पेन्सिलीतलं पेन्सिलीतच राहू द्या.’ त्याखाली दोन शब्द: ‘सही केली.’

ही पद्धत तुम्हीच आम्हाला शिकवली होती. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, हसतहसत. निवड समितीच्या टेबलावर प्रत्येक सदस्यापुढे नवी, टोक काढलेली पेन्सिल ठेवतात. आधी पेन्सिलीनं गुण लिहा, मग चर्चा करू आणि चर्चेनंतर शाईनं पक्के करू, असं सांगतात. तुमच्या कागदावरचा दुसरा आकडा तो, शाईत गेलेला. तुम्ही म्हणाला होतात, ‘सहा जणांच्या हातात पेन्सिल असते आणि शाई एकाच्या खिशात.’ आम्ही खो खो हसलो होतो. मला वाटलं होतं, ज्याला डाव इतका नीट माहीत आहे तो त्यात बसणार नाही. बसायचंच असेल तर माणूस डाव इतका नीट शिकून घेतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

पण तुम्ही सही केलीत, याचं मला आता तितकंसं काही वाटत नाही. सही केलीत हे मला तेव्हाही माहीत होतं. सहा जणांत तुम्ही एकटे आपले. एकटा माणूस काय करणार, असं मीच सगळ्यांना सांगत आले. मला जिव्हारी लागलं ते तिसऱ्या रकान्यात आहे. शेरा. माझ्या नावापुढे तुम्ही लिहिलंय: ‘आवाज स्थिर. मांडणी सर्वांत स्पष्ट.’

त्या दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघरात बसलेली आहे. मुलाखत दुपारी झाली, तुम्ही घरी यायला पाच वाजणार. काकूंनी मला ओट्याशेजारच्या स्टुलावर बसवलंय आणि बोलता बोलता मेथी निवडायला दिलीय. भिंतीवर आपल्या सगळ्यांच्या बापाचा फोटो, त्याला ताजा हार. मी काकूंना मुलाखत सांगतेय. एका सदस्यानं विचारलं, आडनाव मूळचंच का बदललेलं. दुसऱ्यानं विचारलं, नेट ओपनमधून झालात की कोट्यातून. मी म्हटलं, सर, पेपर दोघांना एकच असतो. काकू पोटभर हसल्या. मग तुम्ही आलात. चप्पल काढली, हात धुतले, टेबलाशी बसलात, काकूंनी वाढलेलं ताट पुढे ओढलंत आणि परत सरकवलंत. म्हणालात, भूक नाही. माझ्याकडे न बघता, भाकरीकडे बघत बोललात.

‘बाळ, तुझा आवाज फार चढला. आपल्या माणसाचा आवाज चढला की त्यांना निमित्त मिळतं. मी भांडलो, पण तूच माझे हात बांधलेस.’

मी रडले नाही. मी तुमची क्षमा मागितली. सर, मी तुमची क्षमा मागितली, आणि तुम्ही मान डोलावून ती दिलीत. मग काकूंनी तेच ताट माझ्यापुढे ठेवलं आणि मी जेवले. तुम्ही माझ्या दुःखानं उपाशी राहिलात, असं वाटून मला भरून आलं होतं.

जाताना तुम्ही कपाटातून एक निळी बॉक्स फाइल काढून दिलीत. कोरी, क्लिप अजून कडक. ‘प्रत्येक कागद जपून ठेव. आपल्याला शेवटी कागदच तारतो.’ ती फाइल माझ्याकडे आहे. याचिकेचे सगळे कागद तिच्यातच आहेत. आणि तुमचा तो पाठकोरा कागद आता सगळ्यात वर.

घरी गेले तर आई नुकतीच बाजारातून आली होती. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात ती कांदा निवडायची, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही भाषणात तिचा उल्लेख करायचात, ‘कांदा निवडणाऱ्या बाईची मुलगी’ म्हणून, आणि टाळ्या घ्यायचात. मी तिला सांगितलं, सर म्हणतात आवाज चढला. ती पाय चोळत होती. म्हणाली, ‘बाजारात हळू बोलून कुणी माल विकला का गं? तुझ्या सरांनाच कमी ऐकू येत असंल.’ मी तिच्यावर चिडले. तिला काय कळतं, असं मनात म्हटलं. तुमचं ऐकून मी माझ्या आईला अडाणी ठरवलं, हे तुमच्या खात्यावर मांडायचं की माझ्या?

पुढची पाच वर्षं मी आवाज कमी करायला शिकले. विद्यापीठाच्या गेटवर मेगाफोन घेऊन मी तास-दीड तास बोलायचे. महाप्याच्या कंपन्यांतून सुटलेली माणसं बस सोडून थांबायची. आणि मुलाखतीच्या खोलीत शिरले की मी पुटपुटायला लागायचे. एकदा तर अध्यक्षांनी दोनदा सांगितलं, मॅडम, जरा मोठ्यानं. मला वाटलं ही चाल आहे, मोठ्यानं बोलले की पकडतील. मी आणखी हळू झाले. माहितीच्या अधिकारात त्या मुलाखतींचे कागद मागवले तर पाचपैकी चारांवर एकच शेरा: ‘आत्मविश्वासाचा अभाव.’ त्यांना मला नाकारायला कष्टच पडले नाहीत. अर्धं काम तुम्ही एका वाक्यात करून ठेवलं होतंत.

एकदा तुम्ही माझं भाषण ऐकायला आला होतात. वडापावच्या गाडीशेजारी, गर्दीच्या मागे उभे. नंतर जवळ येऊन पाठ थोपटलीत. ‘छान बोललीस. पण मुलाखतीत असं नको हं.’ म्हणजे ते तुम्ही विसरला नव्हतात. चुकून तोंडातून गेलेलं वाक्य माणूस तीन वर्षांनी पुन्हा म्हणत नाही.

आणि तुमचं प्राध्यापकपद. माझ्या मुलाखतीनंतर दोन महिन्यांनी तुमची फाइल मंजूर झाली. बारा वर्षं अडकलेली. मी त्या दोन गोष्टी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. ठेवायचा विचार मनात आला तरी स्वतःची लाज वाटायची. तुमच्या सत्काराचं भाषण मी केलं. काकूंनी पेढे वाटले, मी दोन खाल्ले आणि आईसाठी एक कागदात बांधून नेला. तिनं तो खाल्ला नाही. गोड आवडत नाही म्हणाली.

खटला तुमच्या हयातीतच दाखल झाला होता. मी आणि आणखी चौघं, सगळे तासिका तत्त्वावरचे. आमची तक्रार साधी आहे: ज्या पदाला मी अपात्र, त्याच पदाचे तास सोळा वर्षं मीच घेते. तोच विषय, तोच वर्ग, तोच खडू. फक्त हजेरीपटावर माझं नाव वर्षात दहा महिने असतं. तुम्ही मला म्हणाला होतात, कोर्टात जाऊ नकोस, दारं बंद होतात. कोणती दारं, सर? उघडं एक तरी दाखवायचंत.

तुम्ही गेल्यानंतर दोन वर्षांनी विद्यापीठानं कोर्टात उत्तर दाखल केलं. त्यात भेदभाव झाला नाही याचा एकच पुरावा आहे. निवड समितीत मागासवर्गीय प्रतिनिधी उपस्थित होते आणि त्यांनी कोणताही आक्षेप न नोंदवता सही केली आहे. पुढे तुमचं पूर्ण नाव, पदवीसकट. त्यांनी जिवंतपणी तुम्हाला बारा वर्षं व्हरांड्यात बसवलं. मेल्यावर मात्र तुम्हाला पहिल्या पानावर जागा दिली. आमच्या वकीलबाईंनी ते वाचून फाइल मिटली. ‘मॅडम, तुमच्याच माणसानं तुमची केस मारलीय.’ मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, ते एकटे होते, त्यांच्यावर दबाव असेल, तुम्हाला आमच्यातलं कळायचं नाही. त्या बाईनं दुसरी फाइल पुढे ओढली. तिला फक्त कायदा कळतो आणि तेवढं पुरेसं होतं.

गेल्या आठवड्यात मी तिला तुमचा कागद दाखवला. तिनं तो दोन्ही बाजूंनी पाहिला, पाठीमागची प्रश्नपत्रिकासुद्धा वाचली. म्हणाली, हा सोमवारी जोडायचा. गुण बदलले गेले हे समितीतल्या माणसाच्या हातचं आहे, यापुढे त्यांची ढाल टिकायची नाही. फक्त हे अक्षर तुमच्या सरांचंच, असं शपथेवर सांगणारं कुणीतरी हवं. ‘पत्नी आहेत ना?’ असं तिनं इतक्या सहज विचारलं की मी हो म्हणून बसले.

म्हणून काल मी द्रोणागिरीला गेले. अकराव्या मजल्यावरचं घर, खाली कंटेनरच्या गाड्यांची रांग, खिडकी उघडली की धूळ. लेक कामावर होती. काकूंची खोकी अजून उघडलेली नाहीत. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मी पिशवीतला हात पिशवीतच ठेवला. त्या चहाला उठल्या आणि डबे उघडत राहिल्या. ‘नव्या घरात काहीच सापडंना गं. तू काय शोधायलीस पिशवीत?’

मी कागद ओट्यावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. नावांवरून बोट फिरवत खाली आल्या, माझ्या नावाशी थांबल्या, मग शेवटच्या दोन शब्दांशी. गॅस त्यांनी कधी बंद केला ते माझ्या लक्षात आलं नाही.

‘हे त्यांचंच अक्षर आहे.’

मी म्हटलं, कोर्टासाठी तेवढंच सांगायचंय, सोमवारी नोटरीपुढे, शपथेवर.

‘माणूस जाऊन अकरा वर्षं झाली. आता कुणाला फासावर द्यायलीस?’

कुणालाच नाही, मी म्हटलं, नोकरी मागतेय. त्या म्हणाल्या, मग माग की, त्यांचं नाव न घेता माग. मी सांगितलं की त्यांचं नाव पुढे करूनच तर ते लढतायत. बराच वेळ त्या कागदाची घडी घालत आणि उघडत राहिल्या. मग तुमच्या बाजूनं जे काही सांगता येईल ते त्यांनी शोधून काढलं.

‘त्या दिवशी ते जेवले नव्हते. मला आठवतंय. ताट तसंच सरकवलं.’

सर, इथे मी गप्प बसू शकले असते. व्यासपीठावर कुठे थांबायचं ते मला कळतं, तुम्हीच शिकवलंत. मी थांबले नाही.

‘मी जेवले होते, काकू. त्याच ताटात. तुम्हीच वाढलं होतंत.’

त्या ओट्याला धरून खाली बसल्या. त्र्याहत्तर वर्षांची बाई, नव्या घरातल्या थंड फरशीवर. मी त्यांना उठवायला हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. स्वतःच्याच जोरावर उठल्या, गॅस पेटवला, चहा गाळला. म्हणाल्या, साखर सापडली नाही, बिनसाखरेचाच पी. मी प्यायले. त्यांनी आपला कप तोंडाला लावला नाही. दाराशी आल्यावर त्यांनी विचारलं, ‘सोमवारी नोटरीकडे किती वाजता?’ मी अकरा सांगितलं. मग बारीक आवाजात विचारलं, ‘आणि रविवारी? व्याख्यानाला मी येऊ का नको?’ मी म्हटलं, या, पहिल्या रांगेत जागा ठेवलीय. मला वाटलं मी दया दाखवतेय. लिफ्टमध्ये कळलं, मी एका म्हातारीला तिच्या नवऱ्याच्या फोटोसमोर बसवणार आहे, आणि आम्ही दोघीच एकमेकींना बघत राहणार आहोत.

तुम्हाला दोष देताना एक गोष्ट मी इथवर टाळत आले. आता लिहिते. त्या दुपारी खोलीत शिरल्यावर टेबलापलीकडे तुम्ही दिसलात, तेव्हा माझ्या मनात न्यायबिय काही आलं नव्हतं. मनात आलं, झालं काम, आपला माणूस आत आहे. बाहेर बसलेल्या दहा जणांपैकी कुणी माझ्याहून चांगलं असेल का, हा विचार मला शिवलासुद्धा नाही. तुम्ही मला ब्याऐंशी दिलेत, पण मी बावीसच्या लायकीची असते तरीही तुम्ही ब्याऐंशी द्यावेत, असंच मला वाटत होतं. त्या खोलीत मीसुद्धा पेन्सिलीच्याच भरवशावर बसले होते.

हे पत्र कुठेही जाणार नाही. निळ्या फाइलमध्येही ते ठेवायचं नाही. तिथे फक्त कोर्टात चालणारे कागद असतात. काल वाटत होतं, हेच रविवारी तुमच्या फोटोसमोर वाचून दाखवावं. वाचणार नाही. तुमच्यासाठी नाही. काकू पहिल्या रांगेत असतील म्हणून. ‘कणा दिला’ हे वाक्यही बोलणार नाही. सोमवारी कागद मात्र जोडला जाईल, तुमचं नाव पुकारलं जाईल, आणि ज्यांनी ते ढालीसारखं धरलं त्यांच्याच हातात ते फुटेल. त्यात तुम्हीही फुटाल. मी डोळे मिटणार नाही.

रविवारी मी पाचच मिनिटं बोलणार आहे. समोर आपली पोरंपोरी असतील, तुमच्याच वर्गातून गेलेली. त्यांतले काहीजण आता पर्मनंट झालेत आणि लवकरच त्यांना त्या समितीवर बोलावणं येईल, आपल्यातलं कुणीतरी हवं म्हणून. त्यांना मी चढ्या आवाजात, अगदी चढ्या आवाजात, एवढंच सांगणार आहे: तुमच्यापुढे नवी, टोक काढलेली पेन्सिल ठेवतील. ती परत सरकवा. खिशातून स्वतःचं पेन काढा आणि पहिलाच आकडा शाईनं लिहा.